समेच्या आधीचा क्लिक

कार्यक्रमांचा दौरा म्हणजे मुख्यतः वाट पाहणं. विमानाची, गाडीची, हॉल उघडण्याची, साउंडचेकमध्ये आपली पाळी येण्याची. स्टेजवर दोन-अडीच तास बसायचं, पण त्यासाठी अख्खा दिवस द्यायचा. मी तबला वाजवते, बहुतेक वेळा गाण्याच्या साथीला. दौऱ्यातला हा रिकामा वेळ भरून काढायला मी कॅमेरा घेतला आणि आता तो तबल्याच्या बॅगेइतकाच सोबत असतो. त्याच्या मागोमाग रेकॉर्डर आला, छोटे माईक आले, हवेतला ओलावा मोजणारा हायग्रोमीटर आला. माझं सामान बघून मला नेहमी एक प्रश्न येतो: कार्यक्रमाला फोटोग्राफर असतातच, मग तू का काढतेस?

कारण त्यांना जिथे उभं राहता येत नाही, तिथे मी बसलेली असते.

मिल्ट हिंटन हे नाव जॅझच्या बाहेर फारसं ऐकू येत नाही. १९१० साली जन्मलेले हे डबल बास वाजवणारे कलाकार. १९३५ मध्ये पंचविसाव्या वाढदिवसाला त्यांना कॅमेरा भेट मिळाला. पुढच्याच वर्षी ते कॅब कॅलोवे या जॅझ गायकाच्या बँडमध्ये गेले, तिथे पंधरा वर्षं राहिले आणि बँडबरोबर अमेरिकाभर फिरताना फोटो काढत गेले. त्यांच्या संग्रहात साठ हजारांच्या आसपास फोटो आहेत. आगगाडीत झोपलेले वादक, रेकॉर्डिंगच्या मधल्या विश्रांतीत डोकं टेकून बसलेले गायक, कृष्णवर्णीयांसाठी वेगळं प्रवेशद्वार दाखवणाऱ्या स्टेशनच्या पाटीखाली उभे असलेले बँडमधले सहकारी. हे फोटो बाहेरून आलेल्या माणसाला मिळाले नसते. समोरच्यांना हा फोटोग्राफर वाटतच नव्हता, तो आपला मिल्ट होता. फिरतीवरच्या संगीतकाराने कॅमेरा कसा वापरावा, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता क्लिकबद्दल. यावर मी सगळ्यात जास्त विचार केला आहे.

माणसाला डोळ्यांनी काही दिसलं आणि त्याने बटण दाबलं, यात साधारण पाव सेकंद जातो. वर कॅमेऱ्याचा स्वतःचा थोडा उशीर. मध्यलयीत, मिनिटाला १२० मात्रांच्या (तालाच्या ठोक्यांच्या) गतीला, एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते, म्हणजे पाव सेकंदात अर्धी मात्रा निघून जाते. द्रुतात २४०च्या गतीला तर पूर्ण एक मात्रा. गायिका समेवर, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आली, चेहरा खुलला, ते पाहून कुणी बटण दाबलं तर फोटो समेनंतरचा येतो. तोवर मान खाली गेलेली असते, हात परत मांडीवर आलेला असतो.

पण ताल अंगात असलेल्या माणसाला सम दिसायची वाट पाहावी लागत नाही. ती कधी येणार हे त्याला आधीच माहीत असतं. दुसऱ्या कलाकाराचं गाणं विंगेतून ऐकताना मी मात्रा मोजत नाही, ठेका आत चालूच असतो आणि बोट त्याच्याबरोबर चालतं. इथे प्रतिक्रिया नसते, पूर्वअंदाज असतो. आणि हे कळल्यावर माझ्या लक्षात आलं की मला समेचा फोटो मुळात नकोच आहे. समेवर सगळे चेहरे सारखे दिसतात: मान हललेली, डोळे मिटलेले. खरा चेहरा समेच्या दीड-दोन मात्रा आधीचा. तिहाई (तीनदा वाजून समेवर संपणारा तुकडा) सुरू झाली आहे, ती बसणार की नाही हे अजून ठरायचं आहे, पेटीवाला गायिकेकडे बघतोय, गायिका तबल्याकडे. त्या क्षणात तिघांचं नातं दिसतं. माझे ठेवण्यासारखे जवळपास सगळे फोटो तेव्हाचे आहेत.

अलीकडच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत एक सोय आली आहे. बटण अर्धवट दाबून ठेवलं की कॅमेरा आधीच्या अर्ध्या-एक सेकंदातल्या फ्रेम स्मृतीत साठवत राहतो आणि पूर्ण दाबल्यावर त्याही जपून ठेवतो. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठी ती फार मोलाची आहे. गाण्याच्या वेळी मी ती बंद ठेवते. तो अंदाज बांधण्यातच मला आनंद आहे, आणि त्याने माझं ऐकणंही सुधारलं आहे. एखाद्या गायकाचे फोटो काढायचे म्हणून त्याच्या समेवर येण्याच्या तऱ्हा मी जितक्या बारकाईने ऐकल्या, तितक्या नुसतं श्रोता म्हणून कधी ऐकल्या नव्हत्या. पुढे त्याच्याच साथीला बसले तेव्हा ते सगळं कामी आलं.

शटरचा वेग हा दुसरा आवडीचा विषय. तबल्यावरचा हात १/५०० सेकंदाला टिपला तर बोटं हवेत लटकल्यासारखी दिसतात. वाजतंय असं वाटतच नाही. १/३० ते १/६० च्या मध्ये मनगट स्थिर येतं आणि बोटं विरघळतात. मला तोच हात खरा वाटतो. त्यासाठी कॅमेरा घट्ट धरायला हवा किंवा कशाला तरी टेकवायला हवा. विंगेत टेकायला भिंत किंवा स्पीकरची पेटी मिळतेच. स्पीकर मात्र चालू नसलेला निवडावा.

आलाप चालू असताना कुठलाही आवाज करणारा कॅमेरा बाहेर काढायचा नाही, हा माझा पक्का नियम आहे. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यातल्या इलेक्ट्रॉनिक शटरला आवाज नसतो, त्यामुळे हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण तिथे दिवे आडवे येतात. बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र एकदम वाचत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. विजेवर चालणारे अनेक दिवे सतत लुकलुकत असतात. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला शंभर वेळा, ६० हर्ट्झचा असेल तर एकशेवीस वेळा. डोळ्यांना ते कळत नाही, पण सेन्सरच्या काही ओळी उजेडात वाचल्या जातात, काही अंधुक उजेडात, आणि चेहऱ्यावर आडवे पट्टे उमटतात. उपाय सोपा आहे: ५० हर्ट्झ असलेल्या देशात १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झ असलेल्या देशात १/६० किंवा १/१२०. दौऱ्यात देश बदलला की मी घड्याळाआधी हे बदलते. जपानमध्ये तर एकाच देशात दोन्ही आहेत, पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६०. रंगमंचावरच्या एलईडी दिव्यांची लुकलुक मात्र वेगळ्याच, बऱ्याच जास्त वेगाने चालू शकते, त्यांना हा हिशेब लागू पडेलच असं नाही. साउंडचेकच्या वेळीच दोन-चार वेगांनी फोटो काढून पट्टे येतात का ते पाहून ठेवायचं. तसाही साउंडचेकला मी फार वेळ देते.

फोटोपेक्षा अवघड निघाला तो व्हिडिओ. खरं सांगायचं तर व्हिडिओतला आवाज.

फोनवर काढलेल्या मैफलीच्या व्हिडिओत तानपुरा गायब झालेला तुम्ही ऐकला असेल. फोनचा माईक वाईट असतो म्हणून असं होत नाही. फोन बनलाय बोलण्यासाठी. त्यातलं आवाज शुद्ध करणारं सॉफ्टवेअर जो आवाज न बदलता सतत चालू आहे त्याला पार्श्वभूमीचा गोंगाट समजतं आणि दाबून टाकतं. पंख्याची घरघर त्याच नियमाने जाते आणि तानपुराही. शिवाय आवाजाची पातळी आपोआप वरखाली होत असते: तबल्याची थाप पडली की सगळं खाली दबतं, मग तानपुरा हळूहळू वर येतो, पुढच्या थापेला पुन्हा खाली. गाण्याचा श्वासच हरवतो. ज्या ॲपमध्ये पातळी हाताने ठरवून कुलूपबंद करता येते आणि आवाज गाळणारी सोय बंद करता येते, असं ॲप वापरा, एवढ्यानेच जमीन-अस्मानाचा फरक पडतो. त्याहून बरं म्हणजे वेगळा रेकॉर्डर.

मी रेकॉर्डर मंचाच्या कडेला ठेवते, कॅमेरा मागे तिवईवर. इथे आणखी एक गंमत आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मंचापासून १७ मीटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्याला तो ५० मिलिसेकंद उशिरा पोचतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे कॅमेऱ्यातलाच आवाज वापरला तर हात पुडीवर (तबल्याच्या कातड्यावर) पडून एक फ्रेम उलटून गेल्यावर ‘ना’ हा बोल ऐकू येतो. भाषणाच्या व्हिडिओत हे कुणाच्या लक्षात येणार नाही, तबल्याच्या व्हिडिओत लगेच खटकतं. आवाज आणि चित्र जुळवायला सुरुवातीला एक टाळी वाजवतात. रेकॉर्डरचा आवाज कॅमेऱ्याने ऐकलेल्या त्या टाळीला जुळवला, तर हाच ५० मिलिसेकंदांचा उशीर पुन्हा आत येतो. म्हणून मी कानाने न जुळवता डोळ्याने जुळवते. ज्या फ्रेममध्ये तळवे एकमेकांना लागताना दिसतात, तिथे रेकॉर्डरमधली टाळी आणून बसवायची.

टाळी सुरुवातीला वाजवायची हे सगळ्यांना माहीत असतं. शेवटीही एक वाजवा. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची आतली घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत. दहा लाखांत वीस भागांचा फरक असला, आणि तेवढा सहज असतो, तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांची तफावत पडते, दोन तासांत १४४. सेकंदाला आठ बोल वाजत असतील तर प्रत्येक बोलाच्या वाट्याला १२५ मिलिसेकंद येतात. म्हणजे मैफल भैरवीपर्यंत पोचेस्तोवर हात एका बोलावर आणि आवाज दुसऱ्यावर. शेवटची टाळी असली की फरक नेमका किती हे मोजता येतं आणि संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज तेवढा ताणून किंवा आवळून घेता येतो. हा फरक इतका सूक्ष्म असतो की सुराला त्याचा काहीही धक्का लागत नाही.

३२ बिट फ्लोट या प्रकारात आवाज साठवणारे रेकॉर्डर आल्यापासून पातळी लावण्याची चिंता खूप कमी झाली आहे. खर्जातली कुजबुज आणि शेवटची चक्रदार (तिहाईसकट तीनदा वाजणारा तुकडा), दोन्ही एकाच फाइलमध्ये फाटल्याशिवाय येतात. पण ‘पातळीकडे बघायचीच गरज नाही’ असं जे सांगितलं जातं ते अर्धंच खरं आहे. फाइलमध्ये कितीही जागा असली तरी माईकची स्वतःची एक सहनशक्ती असते. डग्ग्याच्या (जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्याच्या) तोंडाशी नाजूक माईक ठेवला आणि जोरात ‘घे’ वाजवला तर आवाज माईकमध्येच फाटतो, मग पुढचा रेकॉर्डर काहीच करू शकत नाही.

हॉटेलच्या खोलीतला माझा सध्याचा छंद मात्र सगळ्यांहून वेगळा आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्याबरोबर ‘नेचर’मध्ये भारतीय चर्मवाद्यांवर एक टिपण लिहिलं आणि १९३४ मध्ये त्याच विषयावर सविस्तर शोधनिबंध. साध्या ढोलाच्या कातड्याचे वरचे स्वर बेसुरे असतात, मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा सरळ पटीत येत नाहीत. तबला आणि मृदंगाच्या पुडीवर मधोमध असलेल्या शाईच्या (काळ्या गोल थराच्या) वजनामुळे ते पटीत येतात, म्हणूनच तबला सुरात लावता येतो. कातडं कसं कंप पावतं हे पाहण्यासाठी रामन यांनी पुडीवर बारीक वाळू टाकली होती. जिथे कातडं हलत नाही तिथे वाळू जाऊन थांबते आणि रेषा दिसतात.

ते मला स्वतः बघायचं होतं. वापरातून काढलेली एक पुडी, त्यावर चिमूटभर कोरडी बारीक वाळू, बाजूने अगदी तिरपा पडणारा टॉर्चचा उजेड, आणि वर क्लॅम्पला लावलेला फोन, सेकंदाला २४० फ्रेमवर. तिरप्या उजेडात प्रत्येक कणाची लांब सावली पडते, त्यामुळे कण उडालेला लगेच कळतो. अनामिका शाईच्या कडेशी हलकी टेकवून चाटेवर (पुडीच्या कडेच्या पट्टीवर) ‘ना’ वाजवत राहिलं की वाळू उड्या मारत मारत एका रेषेकडे सरकते, आणि ती रेषा टेकवलेल्या अनामिकेखालून जाते. बोट थोडं सरकवलं की रेषाही फिरते. लहानपणापासून ऐकत आले होते की हे बोट नीट टेकलं नाही तर ‘ना’ निघत नाही. का निघत नाही, ते त्या रात्री डोळ्यांसमोर होतं: ते बोट कातड्याला कुठे हलायचं नाही हे सांगत असतं. आता विद्यार्थ्यांना मी पहिल्याच आठवड्यात हा व्हिडिओ दाखवते.

हेही सांगायला हवं की २४० फ्रेममध्ये कातड्याचं खरं कंपन दिसत नाही. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराला) लावलेल्या तबल्याचा षड्ज २७७ हर्ट्झच्या आसपास असतो. कॅमेरा प्रत्येक कंपनाला एक फ्रेमसुद्धा देऊ शकत नाही, त्यामुळे जे थरथरणं दिसतं ते दोहोंतल्या फरकाचं, सेकंदाला ३७ च्या आसपासचं, आभासी असतं. फोनच्या व्हिडिओत गिटारच्या किंवा तानपुऱ्याच्या तारा नागमोडी दिसतात तोही असाच भास आहे. तार हलत असताना सेन्सर ओळीओळीने वाचतो आणि प्रत्येक ओळीला तार वेगळ्या जागी सापडते. वाळूचे कण मात्र खरे असतात, ते खरोखर त्या रेषेवर जाऊन बसतात.

बाकीच्या साधनांबद्दल थोडक्यात. हायग्रोमीटर घ्याच, बॅगेत मावेल एवढा. दमट हवेत पुडी ओलावा धरते आणि सूर उतरतो, त्याच हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. लेन्ससाठी ४० ते ५० टक्के आर्द्रता चांगली. तबल्याची बॅग मी त्याहून कोरडी होऊ देत नाही, फार सुकलं तर पुडीचं नुकसान होतं. वातानुकूलित हॉलमधून दमट रात्री बाहेर पडताना कॅमेरा बंद पिशवीत ठेवायचा आणि तो बाहेरच्या तापमानाला आल्याशिवाय काढायचा नाही, नाहीतर काचेवर दव धरतं. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. साधारण १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे चालते. फिल्मवर काढत असाल तर न धुतलेले रोल हाताने तपासायची विनंती करा. विमानतळांवरच्या नव्या सीटी स्कॅनरने ते खराब होतात.

लेन्स एकच: ३५ मिलिमीटर, एफ/२. झूम लेन्स चांगल्या असतात, पण मला लांबून काही ओढून आणायचं नसतं. जवळच्या माणसांचेच फोटो काढायचे तर जवळच जावं लागतं. आणि जवळ जायचं तर विचारून जावं. आमच्या गायिका ताई गाण्याआधीचा अर्धा तास कुणाशी बोलत नाहीत, त्या अर्ध्या तासात माझा कॅमेरा बॅगेत असतो. तंबोरे लावताना मात्र त्यांनी स्वतःच एकदा ‘ये, काढ’ म्हणून बोलावलं, आणि तेव्हापासून त्या वेळचे फोटो माझ्याकडे भरपूर आहेत.

संगीतकारांनी या यंत्रांत डोकं घालणं नवं नाही. कोडॅक्रोम ही १९३५ साली बाजारात आलेली रंगीत फिल्म लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गॉडोव्स्की या दोघांनी शोधली, एक पियानो वाजवणारा, दुसरा व्हायोलिन. पूर्ण अंधारात रसायनांच्या वेळा मोजायला ते ब्राह्म्सच्या सिंफनीचा एक भाग सेकंदाला दोन मात्रांच्या लयीत शिट्टीवर वाजवत. लय पक्की असलेल्या माणसाला घड्याळ दिसायची गरज नव्हती. ग्रॅहम नॅश या गायकाने १९९० च्या सुमारास छपाईच्या धंद्यातलं आयरिस प्रिंटर हे यंत्र खटपट करून स्वतःचे फोटो छापण्यासाठी वळवून घेतलं, आणि उच्च प्रतीच्या डिजिटल छपाईची वाट तिथून पुढे रुंद होत गेली. ते यंत्र आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

पुढच्या दौऱ्यात मला डग्ग्यावर वाळूचा प्रयोग करायचा आहे. त्याची शाई मध्यभागी नसते, एका बाजूला सरकलेली असते, त्यामुळे रेषा कशा पडतील याची फार उत्सुकता आहे. मनगट दाबून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) काढताना त्या रेषा जागच्या हलतात का, हे पाहायचंय. कुणी आधी केलं असेल तर उजेड कुठून टाकला तेवढं मला जरूर सांगा.